४४१८ नंबरची लेन्स

स्वरूपाने तो निकाल चहाच्या सुट्टीत दिला, एका ओळीत. 'लेन्स १९३६च्या सुमाराची, नंबर फार सुरुवातीचा, अभिनंदन.'

चाकणच्या एका कंपनीत ती मोजमाप विभागात कामाला होती. गिअरचे दाते, शाफ्टचे व्यास, दिवसभर हेच. जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स हा घरचा उद्योग. संत तुकाराम नगरातल्या तिच्या दोन खोल्यांपैकी एकीत त्याच पसरलेल्या असायच्या. जर्मनीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लेन्सवर तिचा विशेष अभ्यास होता. त्या कारखान्याची युद्धाआधीची दप्तरं जळून गेली, त्यामुळे कोणता नंबर कोणत्या साली पडला हे सांगणारा कागद उरलेला नाही. जगभरातले काही हौशी लोक आपापल्या लेन्सचे नंबर आणि खरेदीच्या पावत्या एकमेकांना दाखवतात आणि त्यांवरून सालं बसवतात. सर्वांत अवघड सुरुवातीचे नंबर. कारखाना आधी नंबर वाटून ठेवायचा, लेन्स जुळवली जायची सवडीने. त्यामुळे नंबर लहान म्हणजे लेन्स जुनी, एवढं ते सरळ नसतं. नवख्यांना स्वरूपा हे नेहमी बजावायची.

या वेळी ती स्वतः विसरली. फोटो पाठवला होता तळवड्याच्या दिग्विजयने. लेन्स आडवी ठेवलेली, पुढे-मागे टोपणं, नळीच्या कडेवर चार आकडे कोरलेले: ४४१८. सुरुवातीच्या काळात हा कारखाना नंबर कडेवरच कोरायचा, समोरच्या कड्यावर तो नंतर आला. आकडा चारच अंकी. त्या प्रकारच्या लेन्सचा इतका लहान नंबर आजवर कोणाकडेच नव्हता. तिने दिग्विजयला उत्तर पाठवलं आणि लगेच हौशी मंडळींच्या ग्रुपवर बातमी टाकली. ओसाका, ड्रेस्डेन, रॉटरडॅम, सगळीकडून शाबासकी आली.

दिग्विजयच्या घरी आनंद वेगळा होता. तळवड्याच्या जुन्या गावठाणातलं त्यांचं घराणं. जमिनी गेल्या, उरलेल्या जमिनीवर लग्नकार्याचं लॉन्स उभं राहिलं, आणि हिंजवडीतल्या कंपन्यांना दिग्विजयच्या गाड्या लागल्या. येत्या निवडणुकीत त्याला उभं राहायचं होतं. लॉन्सच्या एका बाजूला त्याने आजोबांच्या नावाने फोटोंचं दालन बांधलं होतं. आजोबा सोपानराव हे या पट्ट्यातले पहिले फोटोग्राफर, देहूरोडच्या छावणीतला एक गोरा साहेब मायदेशी जाताना त्यांना कॅमेरा देऊन गेला, आणि कंपन्या येण्याआधीचं गाव त्यांनी टिपून ठेवलं, अशी घरात चालत आलेली हकीकत होती. कॅमेरा कधीच मोडीत गेला. लेन्स तेवढी राहिली. १९३६ हे साल या हकीकतीत चपखल बसलं. निमंत्रणपत्रिकेवर ते छापलं गेलं, खाली 'तज्ज्ञ' म्हणून स्वरूपाचं नावही.

पत्रिका छापून आल्यावर स्वरूपाला फोन आला. लावला होता दिग्विजयच्या बायकोने, भाग्यश्रीने. आजींना बोलायचंय, एवढं सांगून तिने तो पुढे दिला.

"ते भिंग तू हातात घेतलंस का गं?" पलीकडून म्हातारा, खणखणीत आवाज आला.

स्वरूपाने सांगितलं, नाही आजी, फोटोवरून सांगितलं.

"फोटूवर इसवास ठिवू नको. मी काढलेत, मला ठाऊक हाय. गुरुवारी ये."

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. सकाळीच स्वरूपा स्कूटरवरून तळवड्याला पोचली. घर तीन मजली, पायऱ्यांना ग्रॅनाइट, आणि गोजाबाईंची खोली खाली, गाड्या लावायच्या जागेशेजारी. सोपानरावांची ही बायको सत्त्याऐंशी वर्षांची, कमरेत वाकलेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नजर साफ. त्यांनी चहा सांगितला आणि खाटेखालून स्टीलचा डबा ओढला. लेन्स जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेली होती.

हातात घेताक्षणी स्वरूपाच्या लक्षात आलं. १९३६ची लेन्स पितळेची, तळहातावर दगडासारखी बसते. ही अॅल्युमिनियमची होती. तिने टोपण काढून काच खिडकीकडे फिरवली, तर काचेवर जांभळी झाक आली. ही झाक परावर्तन रोखणाऱ्या थराची, आणि तो थर विकायच्या लेन्सवर युद्धानंतरच चढू लागला. मग तिने कडेवरचे आकडे भिंगाखाली धरले. त्या कारखान्याचा इंग्रजी आकड्यातला चार माथ्याशी बंद असतो, त्रिकोणासारखा. हे दोन्ही चार माथ्याशी उघडे होते, आणि काळा रंग कापून खालचा धातू चकाकत होता. असे उघडे चार तिने आयुष्यात हजारदा पाहिले होते, रोज पाहत होती. तिच्या स्वतःच्या टेबलावरच्या मोजमापाच्या प्रत्येक गेजवर ते होते.

या पट्ट्यातल्या कोणत्याही कारखान्यात वस्तू आली की ती आधी टूल रूमला जाते. मायक्रोमीटर असो, गेज असो, नाहीतर पाना. तिथे पँटोग्राफ मशीनवर तिच्या अंगावर खात्याचा आणि वस्तूचा नंबर कोरतात, मगच ती वापरायला मिळते. कोणीतरी लेन्सवरही तेच केलं होतं. तिला गेज समजून.

समोरच्या कड्यावरचे आकडे घासून गेले होते, म्हणून स्वरूपाने पिशवीतून पाना काढला आणि मागचं कडं सोडवलं. आतल्या बाजूला, काचेच्या बैठकीवर, कारखान्याने स्वतः ठोकलेला नंबर होता. सात अंकी. त्याला साल लावायला तिला मोबाइलसुद्धा उघडावा लागला नाही.

"पासष्ट सालची आहे, आजी. फार तर एक वर्ष इकडे-तिकडे."

"आन माझा नवरा साठ साली गेला," गोजाबाई म्हणाल्या. "विषमज्वरानं. आता लाव हिशोब."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना कुठे थांबल्या नाहीत, डोळे पुसले नाहीत. सोपानराव गेले तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. पुढे जमीन संपादनात गेली आणि तिच्या बदल्यात चिंचवडच्या एका कंपनीने गोजाबाईंना कामावर घेतलं, झाडलोटीला. कंपनी मोठाली यंत्रं बनवायची आणि प्रत्येक यंत्राचा फोटो काढायची, त्यासाठी वेगळं फोटो खातं होतं. गोजाबाईंना ते खातं झाडायला दिलं. तिथले प्रमुख उद्धवराव. त्यांच्या हाताला आम्ल लागून फोड आले तेव्हा फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीतलं काम त्यांनी हिच्याकडून करून घेतलं, आणि पुढे कॅमेराही हातात दिला. दर गुरुवारी तो घरी न्यायची परवानगी होती. नवीन लेन्स आली ती गोजाबाईंच्या समोर आली, आणि चार दिवसांनी टूल रूममधून अंगावर आकडे घेऊन परतली.

"मी भांडले त्या माणसाशी," गोजाबाई म्हणाल्या. "म्हणलं, अरे, हे काय पकड-पाना हाय का? तर म्हणतो, बाई, कंपनीच्या आवारात आलं त्याला नंबर पडतो, तुमाला पण पडलाय की."

स्वरूपाला हसू आलं. गोजाबाईही हसल्या. फोटो खातं बंद झालं तेव्हा कंपनीने मोडका कॅमेरा लेन्ससकट त्यांना देऊन टाकला.

स्वरूपाने फोटोंबद्दल विचारलं. दालनात लावायचे म्हणून ते मोठे करून आणले होते आणि शेजारच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले होते. बैलगाडीच्या चाकावर तापलेली लोखंडी धाव बसवणारे लोहार. इंद्रायणीच्या काठी गोधड्या आपटणाऱ्या बायका. दंडाला माती लावत समोर रोखून पाहणारा पैलवान. एकातही कारखान्याची चिमणी नव्हती, शेड नव्हती, विजेचा खांब नव्हता. तेवढ्यावरून दिग्विजयने ठरवलं होतं की हे कंपन्यांच्या आधीचं गाव.

"सहा दिस तेच बघायचं," गोजाबाई म्हणाल्या. "सातव्या दिशी परत कशाला बघू? खांब आला की मी दोन पावलं सरकायची."

एवढ्यात दिग्विजय आला, मागोमाग त्याचे वडील. दादासाहेब अडुसष्ट वर्षांचे, पांढरी टोपी, पांढरा सदरा, बोलणं कमी. सोडवलेलं कडं आणि पाना पाहून दिग्विजयचा चेहरा उतरला. स्वरूपाने काय आढळलं ते क्रमाने सांगितलं. लेन्स १९३६ची नाही. सोपानरावांच्या हयातीत ती तयारच झालेली नव्हती.

"मॅडम, तुम्हीच लिहिलं होतं ना?" दिग्विजय म्हणाला. "तुमचं नाव छापलंय पत्रिकेवर, तज्ज्ञ म्हणून."

"तज्ज्ञच सांगतेय. माझं चुकलं."

त्याने समजुतीचा सूर लावला. रविवारी उद्घाटन आहे, मोठे पाहुणे येणार आहेत. चारशे लोकांना सांगून झालंय. आज्जीचं वय झालंय, तिला मागचं-पुढचं आठवत नाही, तिचं किती मनावर घ्यायचं. वय बघा तिचं, ताई, असं तो दोनदा म्हणाला.

"बघ की माझं वय," गोजाबाई म्हणाल्या, आणि लेन्सकडे बोट केलं. "आन तिचं पण बघ."

दादासाहेब खाटेच्या कडेला बसले. त्यांच्या मागे भिंतीला सोपानरावांचं तैलचित्र टेकवलेलं होतं, तेही दालनासाठीच करून घेतलेलं. सोपानरावांचा एकही फोटो कुठे नव्हता, म्हणून चित्रकाराने दादासाहेबांनाच समोर बसवून, वय उतरवून, मिशा चढवून ते काढलं होतं. ज्याच्या घरात कॅमेरा होता म्हणतात त्याचा एकही फोटो कसा नाही, हा प्रश्न स्वरूपाच्या ओठावर आला होता. ते चित्र पाहून तो तिने विचारला नाही.

"आये," दादासाहेब म्हणाले, "तूच सांगितलंवतंस मला. हा तुझ्या बापाचा कॅमेरा हाय, हळू धर."

"सांगितलंवतं. तू नऊ वर्षाचा व्हतास. कंपनीची वस्तू तू आपटली असतीस तर मी भरून कुठनं दिली असती? बापाचा म्हणलं की तू दोन्ही हातांनी धरायचास."

"मला त्याचा चेहरा आठवत न्हाई. तो कॅमेरा तेवढा बाप व्हता."

"व्हय. तुला बाप पाहिजे व्हता तवा मी दिला. आता तू अडुसष्ट वरसांचा हायेस, दादा. माझं मला परत दे."

भाग्यश्री चहाचे कप उचलायला आली आणि दारातच थांबली. दादासाहेब उठले आणि बाहेर गेले.

मधला मार्ग दिग्विजयने काढला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वरूपाला फोन करून सांगितला: दालनावरची सोपानरावांच्या नावाची पाटी तीच राहील, खाली एक ओळ वाढवू, 'गोजाबाई यांनी जपलेला ठेवा'. त्या बदल्यात स्वरूपाने साल बदलू नये. स्वरूपाने ओळ गोजाबाईंना फोनवर वाचून दाखवली.

"जपलेला न्हाई," त्या म्हणाल्या. "काढलेला."

त्या संध्याकाळी स्वरूपाने ग्रुपवर दुरुस्ती टाकली. लेन्स हाताळली, धातू आणि काच युद्धानंतरची, कडेवरचा नंबर भारतातल्या एका कारखान्याच्या टूल रूमचा, आधीचं साल रद्द, चूक सर्वस्वी माझी. सोबत उघड्या चारचा फोटो. रॉटरडॅमच्या गृहस्थाने विचारलं की आता सगळ्या जगातल्या टूल रूमचीही यादी करायची का. सुरुवातीच्या नंबरांत सर्वांत वर जाऊन बसलेली ओळ तिने स्वतः पुसली. मग हाच मजकूर मराठीत लिहून दिग्विजयला पाठवला आणि कळवलं की पत्रिकेवरचं माझं नाव कोणी वाचलं आणि मला विचारलं, तर हेच सांगेन. त्याने मेसेज वाचला.

शनिवारी गोजाबाईंचा फोन आला. त्यांना लेन्स चालू करून हवी होती.

काचेच्या आत बुरशीचं जाळं होतं. स्वरूपाने ते साफ केलं, फिरवायचं कडं मोकळं केलं, मधे जोड देऊन लेन्स स्वतःच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली. गोजाबाईंनी घरात जाहीर केलं की रविवारी उद्घाटनाचा फोटो मी काढणार. दिग्विजयला ही कल्पना एकदम पटली. आजोबांची लेन्स, आजीचा हात, वर्तमानपत्रवाले नक्की छापतील. कार्यक्रमपत्रिकेत त्याने त्यासाठी पाच मिनिटं काढली. आज्जी वळली आपल्या बाजूला, असं तो भाग्यश्रीला म्हणाला. भाग्यश्रीने त्याला काही सांगितलं नाही.

रविवारी लॉन्स भरलं. ढोलपथक झालं, सत्कार झाले, फेटे बांधून झाले. पाहुण्यांनी फीत कापली. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी घोषणा केली की आता सोपानरावांच्याच ऐतिहासिक लेन्समधून त्यांच्या धर्मपत्नी हा क्षण टिपणार आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे, दिग्विजय, दादासाहेब आणि आणखी पाच-सात मंडळी दालनाच्या दारासमोर ओळीने उभी राहिली. त्यांच्या डोक्यावर दोरीने ताणून बांधलेला फ्लेक्स होता: 'कै. सोपानराव यांनी टिपलेलं जुनं तळवडे'.

गोजाबाई समोर आल्या. स्वरूपा कॅमेरा धरायला पुढे झाली, त्यांनी तिचा हात बाजूला केला. मागच्या पडद्यात पाहिलं, कडं थोडं फिरवलं, आणि कॅमेरा खाली घेतला.

"पाटी येतीय मधी."

सूत्रसंचालिका हसून माइकवर म्हणाल्या की आजी, पाटी यायलाच हवी.

"मंग पाटीवाल्याकडनं काढून घ्या फोटू."

पुढच्या खुर्च्यांवर हसण्याची लाट आली. दिग्विजय हसत हसतच ओळीतून बाहेर आला, आजीजवळ वाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला की सगळे बघतायत, आज्जी, पाया पडतो. गोजाबाईंनी उत्तर दबक्या आवाजात दिलं नाही.

"बघूदेत. मी तेरा वरसं फोटू काढले, तवा कुणी बघितलं न्हाई. आता बघूदेत. त्या पाटीवर जे लिवलंय ते खरं न्हाई. आतले सगळे फोटू मी काढलेत. ते भिंग माझा नवरा मेल्यावर जर्मनीत तयार झालं, ही बाई सांगंल. विचारा तिला."

चारशे माणसं स्वरूपाकडे वळली. तिने आवाज चढवला नाही, पण पुढच्या रांगांना ऐकू जाईल इतपत ठेवला. "खरं आहे. १९६५ सालची लेन्स आहे. पत्रिकेवरचं साल मी दिलं होतं, ते चुकीचं होतं."

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांच्या स्वीय सहायकाने दिग्विजयला खूण केली की आटपा. दिग्विजयने सूत्रसंचालिकेकडून माइक घेतला, तोंडाशी नेला, आणि पुन्हा खाली घेतला. गोजाबाई कॅमेरा पोटाशी धरून उभ्या होत्या. ऊन चढलं होतं. भाग्यश्रीने मांडवाच्या कडेची एक खुर्ची आणून त्यांच्यामागे ठेवली. त्या बसल्या नाहीत.

फोटोसाठी उभी राहिलेली ओळ हळूहळू सैल व्हायला लागली. एकजण फेटा सारखा करायला लागला, दुसऱ्याने फोन काढला. दादासाहेब तेवढे जागचे हलले नव्हते. त्यांनी मान वर करून फ्लेक्सवरचं वडिलांचं नाव पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मांडववाल्या दोन माणसांना हाक मारली.

"काढा रे ती पाटी."

"अण्णा," दिग्विजय वडिलांना म्हणाला.

"काढा म्हणलं."

त्यांनी एका बाजूची दोरी सोडली. फ्लेक्स झुलत खाली आला आणि पाहुण्यांना दोन पावलं सरकावं लागलं. दुसरी बाजू सोडवायला शिडी आणावी लागली, तोवर सगळे थांबले. फ्लेक्स गुंडाळून मांडवामागे गेला तेव्हा दारावर नुसती पांढरी भिंत उरली.

गोजाबाईंनी कॅमेरा वर घेतला.

"दादा, टोपी मागं सरकव. तोंडावर सावली पडतीय."

दादासाहेबांनी टोपी मागे सरकवली.

"आणखी."

त्यांनी आणखी सरकवली. आता त्यांचं सगळं कपाळ उन्हात आलं होतं, आणि डोळेही, जे त्यांना पुसायचे होते.

"हात खाली. हलू नको," गोजाबाई म्हणाल्या, आणि फोटो काढला.